बोट ठेवाल तिथे : प्रस्तावना

कॅमेऱ्याचं ॲप लिहिणाऱ्यांच्या कामाच्या यादीत 'टॅप टू फोकस' ही ओळ बहुधा तळाशी असते आणि तिच्यापुढे अंदाज लिहिलेला असतो : अर्धा दिवस. हा अंदाज बांधणाऱ्याला दोष देता येत नाही. स्क्रीनवर बोट टेकवलं, तिथे चौकोन उमटला, चित्र क्षणभर धूसर होऊन स्पष्ट झालं. शाळकरी पोरंही दिवसभर हेच करत असतात, त्यात अवघड काय असणार? ही पुस्तिका त्या अर्ध्या दिवसाबद्दल आहे.

मुळात स्वतःचा कॅमेरा लिहायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. फोनबरोबर येणारं कॅमेरा ॲप त्या फोनच्या कंपनीने त्याच सेन्सरसाठी, त्याच लेन्ससाठी लिहिलेलं असतं. त्याच्याशी बरोबरी करायला निघणं हा बहुतेक वेळा वेळेचा अपव्यय. पण फोटो अल्बमसाठी नसून कामासाठी हवा असला, की गोष्ट बदलते. कागदपत्रं स्कॅन करणारी ॲप्स, वीजमीटरचं रीडिंग टिपणारी ॲप्स, विम्याच्या दाव्यासाठी गाडीचे फोटो मागणारी ॲप्स : इथे चौकट कशी असावी, फोटो कोणत्या आकाराचा निघावा, त्यावर वेळ आणि ठिकाण कसं नोंदवावं, हे सगळं ॲपच्या ताब्यात लागतं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या निमित्ताने शेतकरी आपल्या पिकाचा फोटो स्वतः काढून सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीसाठी पाठवू लागले. तेव्हापासून फोटो हा सरकारी कागद झाला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

हे फोटो काढणारी माणसं छायाचित्रकार नसतात. हातात दहा-बारा हजारांचा फोन, डोक्यावर ऊन, स्क्रीनवर काय चाललंय ते धड दिसत नाही. तुरीच्या शेंगेवरची अळी टिपायला फोन जवळ नेला, की कॅमेरा हटकून मागच्या बांधावर फोकस करतो. मग माणूस अळीवर बोट ठेवतो. मला हे दाखवायचंय, ते मागचं नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं. एरवी सगळा वेळ कॅमेराच अंदाज बांधत असतो. इथे वापरणारा आपल्या मनातलं स्वतःहून सांगतो आहे. ते नीट ऐकून न घेणारी ॲप्स पैशाला पासरी मिळतात.

कॅमेऱ्याने आपणहून फोकस करावा, ही कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी. १९७७ साली कोनिकाचा सी ३५ एएफ बाजारात आला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला हा पहिला ऑटोफोकस कॅमेरा, आणि त्यातलं अंतर ताडणारं यंत्र हनीवेल कंपनीचं होतं. पुढच्याच वर्षी पोलरॉइडने ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा कॅमेरा काढला. १९८५ मध्ये मिनोल्टाच्या ७००० ने ऑटोफोकस एसएलआरच्या अंगातच बसवला. त्यावरून हनीवेलने मिनोल्टाला कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये बारा कोटी डॉलरहून मोठी रक्कम पदरात पाडून घेतली. पण या सगळ्या हुशारीत एक प्रश्न तसाच राहिला : फोकस करायचा तो कशावर? मधोमध जे असेल त्यावर, हे सर्वांत स्वस्त उत्तर. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या फोटोत त्यांच्यामधल्या फटीतून दिसणारी भिंत स्पष्ट यायची आणि माणसं धूसर. कॅननने १९९२ च्या ईओएस ५ मध्ये यावर भारी तोड काढली. फोटो काढणाऱ्याचा डोळा चौकटीत कुठे बघतोय ते ओळखून कॅमेरा तिथे फोकस करायचा. फक्त कॅमेरा उभा धरला की ही सोय चालत नसे. आडव्या-उभ्याची ही भानगड ध्यानात ठेवा, पुढे तिच्याशीच गाठ आहे.

बोटाने फोकस सांगण्याची सोय सर्वसामान्यांच्या अंगवळणी पाडली ती २००९ च्या आयफोन ३ जीएसने. कॅमेरा तीन मेगापिक्सेलचा, पण बोट ठेवाल तिथला फोकस, आणि एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्सही तिथूनच. बाहेरच्या डेव्हलपरांना हे दार आयफोनवर २०१० मध्ये आयओएस ४ बरोबर उघडलं, अँड्रॉइडवर २०११ मध्ये ४.० आवृत्तीबरोबर. म्हणजे या कामासाठी लागणाऱ्या आज्ञा दशकभराहून जुन्या आहेत. तरीही तेच बग नव्या ॲपमध्ये नव्या उत्साहाने लिहिले जातात. कारण आज्ञा ठाऊक असतात, आत काय घडतं ते ठाऊक नसतं.

तर आत काय हलतं? फोनच्या लेन्सची फोकल लेंथ ४ मिलिमीटर धरली, तर दूरच्या डोंगरावरून दहा सेंटीमीटरवरच्या पानावर फोकस आणायला ती लेन्स जेमतेम मिलिमीटरचा सहावा भाग पुढे सरकते. ती सरकवते व्हॉइस कॉइल मोटर, म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं. लाउडस्पीकरही याच तत्त्वावर चालतो. कुठवर सरकायचं ते ठरवण्याची जुनी रीत म्हणजे लेन्स थोडी सरकवा, चित्रातल्या कडा किती ठळक झाल्या ते मोजा, पुन्हा सरकवा. जुन्या रेडिओवर आकाशवाणी लावताना काटा पुढे नेऊन आवाज खराखुरा बिघडल्याशिवाय स्वच्छ जागा कोणती होती ते कळायचं नाही, आणि मग काटा मागे आणावा लागायचा, तसंच हे. फोकस लागताना चित्र एकदा स्पष्ट होऊन परत बिघडतं आणि मग स्थिरावतं, ते याचमुळे. २०१४ च्या सुमारास गॅलेक्सी एस ५ आणि आयफोन ६ मध्ये फेज डिटेक्शन आलं. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशातली तफावत मोजली, की कोणत्या दिशेला आणि साधारण किती सरकायचं ते आधीच कळतं. चाचपडणं पुष्कळ कमी होतं. तरी दोन्ही रीतींना चित्रात काहीतरी कडा लागते. पांढरी भिंत, एकरंगी कापड, संध्याकाळचं आभाळ यांवर बोट ठेवलं तर कॅमेऱ्याच्या हाती काही लागत नाही. फोकस न लागणं हा नेहमी होणारा निकाल आहे, आणि कोडमध्ये त्याची वाट आधीपासून काढून ठेवावी लागते.

आता त्या आडव्या-उभ्याच्या भानगडीकडे येऊ. या पुस्तिकेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिनेच खाल्ला आहे, आणि तो तेवढा द्यावा असं माझं मत आहे.

फोन आपण उभा धरतो, पण त्यातला सेन्सर आडवा बसवलेला असतो. सेन्सरचं चित्र ४:३ प्रमाणाचं, स्क्रीन मात्र लांबुळकी, २०:९ वगैरे. प्रिव्ह्यू पूर्ण स्क्रीनभर दाखवायचा तर चित्र नव्वद अंशांनी वळवून, मोठं करून, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कापूनच दाखवावं लागतं. बोट टेकतं ते या वळवलेल्या, कापलेल्या चित्रावर, आणि कॅमेऱ्याला हवी असते मूळ सेन्सरवरची जागा. एक उदाहरण हाताने सोडवून पाहू. स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेलची आहे. ४:३ चं चित्र उभं करून २४०० उंचीला बसवलं, तर त्याची रुंदी १८०० होते. म्हणजे दोन्हीकडून ३६० पिक्सेलची पट्टी स्क्रीनबाहेर गेली. बोट टेकलं डावीकडून २७० आणि वरून ६०० वर. घाईतला प्रोग्रामर २७० ला १०८० ने भागतो आणि ०.२५ काढतो. खरं उत्तर आहे २७० अधिक ३६०, भागिले १८००, म्हणजे ०.३५. उभ्या दिशेला ६०० भागिले २४००, ०.२५. आता हे चित्र उलटं वळवून सेन्सरवर न्यायचं. सेन्सरचा आडवा आकडा म्हणजे आपला उभा आकडा, ०.२५, सेन्सरचा उभा आकडा म्हणजे एकातून आपला आडवा आकडा वजा, ०.६५. आयफोनला हाच ०.२५ आणि ०.६५ चा बिंदू द्यायचा, कारण तिथला शून्य-शून्य म्हणजे फोन आडवा, होम बटण उजवीकडे, असा धरल्यावर येणारा वरचा डावा कोपरा असतो, मग प्रत्यक्षात फोन कसाही धरलेला असो. अँड्रॉइडच्या नव्या रीतीत ४००० बाय ३००० च्या सेन्सरवर हाच बिंदू १००० आणि १९५० होतो, आणि त्याच्याभोवती एक चौकट आखून द्यावी लागते. अँड्रॉइडच्या जुन्या रीतीत उणे १००० ते अधिक १००० अशी मोजपट्टी होती. तिथे तो उणे ५०० आणि ३००. बिंदू एकच, नावं तीन.

झूम आलं की आणखी एक पदर वाढतो. अँड्रॉइडवर झूम करण्याची जुनी पद्धत सेन्सरचा मधला तुकडा कापून घेते. बोटाची जागा त्या तुकड्याच्या हिशेबाने काढायची, पण मोजायची पूर्ण सेन्सरवर. अँड्रॉइड ११ पासून झूमचं गुणोत्तर थेट देता येतं, आणि तसं दिलं की मोजपट्टी झूम झालेल्या दृश्याचीच धरली जाते. दोन्ही पद्धतींची सरमिसळ केलेला कोड २ पट झूमपर्यंत ठीक वाटतो आणि ८ पटीला भलतीकडेच फोकस करतो. पुढच्या कॅमेऱ्यात प्रिव्ह्यू आरशासारखा उलटा दाखवतात, तेव्हा डावं-उजवंही फिरवावं लागतं.

आणि हे सगळं चुकलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही! याचं कारण साधं आहे. चित्र वळवा, उलटवा, बाजूंनी कापा, मधला बिंदू मध्येच राहतो. चाचणी करणारा माणूस टेबलावरचा कप चौकटीच्या मध्यावर आणतो, त्याच्यावर टॅप करतो, कप स्पष्ट होतो, आणि चाचणी पास. चूक फक्त कोपऱ्यांत दिसते, आणि तीही जवळची आणि दूरची वस्तू एकाच चौकटीत असेल तरच. २०१५ च्या नेक्सस ५ एक्समध्ये मागचा सेन्सर नेहमीच्या उलट, २७० अंशांच्या हिशेबाने बसवलेला होता. सगळ्या फोनांत ९० च असतात असं गृहीत धरून लिहिलेल्या ॲप्समधून तेव्हा खाली डोकं वर पाय असे फोटो निघाले. फोटो उलटा आला की वापरणारा ओरडतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवल्यावर फोकस खालच्या उजव्या कोपऱ्यातून ठरला, तर तो म्हणतो कॅमेराच बेकार आहे, आणि गप्प बसतो.

सुदैवाने ही आकडेमोड आज हाताने करावीच लागते असं नाही. आयफोनवर प्रिव्ह्यूचा थरच स्क्रीनवरचा बिंदू बदलून देतो. अँड्रॉइडवर २०१९ मध्ये गूगलने जाहीर केलेलं कॅमेराएक्स तेच करतं. ते वापरा, मी कोणाला शौर्य गाजवायला सांगत नाही. पण प्रिव्ह्यू स्वतः रंगवणारी ॲप्स, म्हणजे फिल्टर लावणारी, वर कागदाची चौकट आखणारी, या तयार सोयीच्या बाहेर पडतात. तिथे वरची आकडेमोड यावीच लागते.

जागा ठरली, आता वेळ. फोकसची आज्ञा दिली की फोकस होतो, हा दुसरा मोठा गैरसमज. आज्ञा कॅमेऱ्यापर्यंत पोचायला काही फ्रेम जातात, मग लेन्स शोध घेते, मग लागला किंवा नाही लागला असा निकाल येतो. अँड्रॉइडच्या नव्या रीतीत, म्हणजे कॅमेरा टूमध्ये, या टप्प्यांना वेगवेगळ्या अवस्था आहेत, आणि 'लागून कुलूपबंद' व 'न लागताच कुलूपबंद' या दोन्ही शेवटच्या अवस्था म्हणून येतात. शोध सुरू करणारा ट्रिगर एकाच फ्रेमपुरता पाठवायचा असतो. तो सतत चालणाऱ्या मागणीतच राहून गेला, की दर फ्रेमला नव्याने हुकूम सुटत राहतो. आधीच्या टॅपचा निकाल रद्द न करता नवा टॅप पाठवला, तर जुनंच 'लागला' हे उत्तर नव्या टॅपचं समजून ॲप खूश होतं. आयफोनवरही अशा खाचा आहेत. फोकसचा बिंदू नुसता बदलल्याने काहीच हलत नाही, त्यानंतर फोकसचा मोड पुन्हा द्यावा लागतो. आणि हे सगळं करण्याआधी कॅमेऱ्याचा ताबा मागून घ्यावा लागतो, नाही तर ॲप सरळ कोसळतं.

इथेच तो चौकोन येतो. कित्येक ॲप्समध्ये बोट टेकताच चौकोन उमटतो, ठरलेल्या वेळाने हिरवा होतो आणि मावळतो. लेन्सचं काय झालं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. मला हा या सगळ्या विषयातला खरा गुन्हा वाटतो. जागा चुकणं ही आकडेमोडीतली चूक, ती सुधारता येते. न लागलेला फोकस लागला म्हणून दाखवणं ही वापरणाऱ्याची फसवणूक. त्याने हिरव्यावर भरवसा ठेवून फोटो काढलेला असतो, आणि तो धूसर आहे हे त्याला शेतातून घरी आल्यावर, किंवा कार्यालयाने परत पाठवल्यावर कळतं. चौकोन ही शोभेची वस्तू नाही. बोट टेकल्यावर तो पांढरा असावा. कॅमेऱ्याने लागल्याचं कळवलं तरच हिरवा व्हावा. लागला नाही तर तसं दिसावं, आणि जमलं तर एक ओळ यावी : थोडं मागे घ्या.

'थोडं मागे घ्या' हा सल्ला वाटतो त्याहून कामाचा आहे. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत कितीही टॅप करा, फोकस लागणार नाही. आणि महागडा फोन म्हणजे जास्त जवळून फोटो, असंही नाही. मोठ्या सेन्सरबरोबर हे अंतर वाढत गेलं आहे : आयफोन १३ प्रोच्या मुख्य लेन्सला १५ सेंटीमीटर, १४ प्रोला २०. आयओएस १५ पासून हे अंतर ॲपला विचारता येतं. अँड्रॉइड ते डायॉप्टरमध्ये, म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर अशा आकड्यात, सांगतं. १० म्हणजे दहा सेंटीमीटर, आणि शून्य म्हणजे ही लेन्स मुळात हलतच नाही. पुढचे कॅमेरे आणि स्वस्त फोनांतल्या अल्ट्रावाइड लेन्स पुष्कळदा अशाच असतात. आयफोनच्याही पुढच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस आला तो २०२२ मध्ये, आयफोन १४ बरोबर. अशा लेन्सवर टॅप केल्यावर एक्स्पोजर जरूर बदला, खिडकीपुढे बसलेल्याचा चेहरा उजळेल. पण फोकसचा चौकोन दाखवू नका.

शेवटचा मुद्दा असा, की बोटाचा हुकूम किती वेळ चालावा? एकदा फोकस लागून लेन्स थांबली, की ती पुन्हा मोकळी केव्हा सोडायची? कॅमेराएक्स ठरावीक पाच सेकंदांनी सोडतं. आयफोन दृश्य बरंच बदलल्याची सूचना देतो, तिच्यावरून ॲपने ठरवायचं. घड्याळ बघून सोडणं मला ओबडधोबड वाटतं. कागद स्कॅन करणाऱ्याला पाच सेकंद रग्गड. पण वाऱ्याने हलणारं कणीस स्थिर होण्याची वाट बघणाऱ्याला पाचव्या सेकंदाला लेन्स हलली तर त्याचा सगळा खटाटोप वाया. हे ॲप कशासाठी आहे ते बघूनच याचं उत्तर द्यावं लागतं, आणि पुस्तिकेत त्यासाठी एकच एक आकडा मी दिलेला नाही.

पुढच्या प्रकरणांत आधी आकडेमोड, मग दोन्ही प्लॅटफॉर्मवरचा कोड, मग चौकोनाच्या अवस्था आणि शेवटी चाचण्या असा क्रम आहे. व्हिडिओ चालू असतानाचा फोकस आणि चेहरा ओळखून त्याच्या मागे जाणारा फोकस यात घेतलेला नाही. त्यांचा पसारा वेगळा आहे. वाचकाला कॉटलिन किंवा स्विफ्ट यांपैकी एक भाषा येते असं मी धरून चाललो आहे. प्रकाशशास्त्र येत नसलं तरी चालेल.

कोड चालवून पाहायला मात्र घरातला सर्वांत स्वस्त फोन घ्या. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हातभर अंतरावर एखादा छापील कागद येईल आणि बाकी सगळीकडे लांबची भिंत दिसेल अशी मांडणी करा, आणि पहिला टॅप त्या कागदावर करा. भिंत स्पष्ट झाली, तर आकडेमोडीपासून सुरुवात करा.